तुमची पत्रं : चारशेचा कुर्ता, उलटलेला पदर आणि हेलीचं लाल जाकीट

दादरला हिंदमाताजवळ एकतीस वर्षं माझं शिलाईचं दुकान होतं. २०१७ साली गुडघ्यांनी ऐकेनासं केलं म्हणून बंद केलं. आता घरात एक मशीन आहे आणि तुमची पत्रं आहेत. या वेळी पाच पत्रं घेतली. शेवटच्या पत्राला जास्त जागा लागणार होती, ती संपादकांनी आनंदाने दिली.

मी २१ वर्षांची आहे. नाशिकला शिकते आणि संध्याकाळी नोकरी करून स्वतःचे कपडे स्वतः घेते. मॉलमधून किंवा ऑनलाइन, चारशेच्या आतले. आत्या म्हणते, असले कपडे म्हणजे पैसे पाण्यात. मैत्रीण म्हणते, स्वस्त कपडा घेणं म्हणजे कामगारांची पिळवणूक. दोघींना पटेल असं घ्यायला माझ्याकडे पैसे नाहीत. मी काय करू?
– एक वाचक, नाशिक

पैसे तुझ्या कमाईचे आहेत, ते कुठे घालायचे ते तू ठरव. आत्याला हे माझ्या नावाने सांगितलंस तरी चालेल. पण कपडा घेताना एक कर. आरशासमोर जायच्या आधी तो उलटा कर.

उलटा केलास की बाजूची शिवण बघ. आत किती कापड सोडलंय? निदान अर्धा इंच असेल तर उद्या तू थोडी भरलीस तरी तो कपडा तुझ्याबरोबर राहील. काहीच सोडलेलं नसेल, नुसतं ओव्हरलॉक मारलेलं असेल, तर तिथे उसवल्यावर शिवायला कापडच मिळत नाही. माझ्याकडे बायका असे टॉप घेऊन यायच्या, "जरा सैल करून द्या" म्हणायच्या आणि मला हात जोडावे लागायचे. मग टाके बघ. एका इंचात दहा-बारा टाके असले तर शिवण धरून राहते. सहा-सात असतील तर कारखान्याने वेळ वाचवलाय, आणि तो वाचलेला वेळ तुझ्या काखेत उसवणार आहे. कपडा उजेडाला धरून बघ, वीण विरळ असेल तर लगेच कळते. शेवटी दोन्ही बाजूंच्या शिवणी खालपर्यंत सरळ येतात का ते पाहा. कापड वाचवायला तिरकं कापलं असेल तर दोन धुण्यांत बाजूची शिवण फिरून पोटावर येते. एकाच दुकानात, एकाच किमतीत, शेजारी टांगलेल्या दोन कुर्त्यांमध्ये हा फरक असतो. हजाराच्या कपड्यातही असतो.

आता मैत्रिणीचं. तिचं खोटं नाही. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावरमध्ये राणा प्लाझा नावाची आठमजली इमारत कोसळली. भिंतींना तडे गेलेले आदल्या दिवशीच दिसले होते. खालची बँक आणि दुकानं त्या दिवशी उघडली नाहीत. वरच्या मजल्यांवरच्या शिवणकाम करणाऱ्या बायकांना मात्र कामावर बोलावलं गेलं. अकराशेहून जास्त माणसं गेली. त्या मजल्यांवर युरोप-अमेरिकेतल्या नावाजलेल्या ब्रँडांचे कपडे शिवले जात होते, म्हणून महागडं लेबल बघून निर्धास्त होऊ नकोस.

मी स्वतः १९८१ साली परळच्या एका कारखान्यात पीसवर शर्टाच्या कॉलर शिवल्या आहेत. डझनाला दीड रुपया. तो शर्ट दुकानात केवढ्याला जातो ते आम्हाला कुणी सांगत नव्हतं आणि आम्ही विचारतही नव्हतो. म्हणून मैत्रिणीचा राग मला कळतो. फक्त तो चारशे रुपये जपून खर्च करणाऱ्या मुलीवर निघू नये. कपडे कुठे आणि कुणाकडून शिवून घेतले याचा हिशेब कंपनीने द्यायचा आणि सरकारने तो मागायचा. तू एवढं कर. चार घ्यायच्या जागी दोन घे, ते तीन वर्षं घाल, आणि सुईदोरा चालवायला शिक. बटण लावणं, तुरपाई, उसवलेल्यावर उलटा टाका, एवढं एका रविवारी येतं. कपडा शिवायला किती वेळ जातो ते एकदा बोटांना कळलं की तो कसाही फेकून देववत नाही.

भाचीच्या लग्नात मी अठराशेची सेमी पैठणी नेसले होते. जावेने सगळ्यांसमोर माझा पदर उलटून बघितला आणि म्हणाली, "सेमी आहे वाटतं." मला रडूच यायचं बाकी होतं. आता ती साडी कपाटातून काढवत नाही.
– एक वाचक, पुणे

काढा आणि नेसा.

हातमागावरच्या पैठणीत प्रत्येक रंगाची तिल्ली हाताने फिरवून धागा शेजारच्या धाग्यात अडकवतात, म्हणून मोर सुलट्या बाजूने दिसतो तसाच उलट्या बाजूनेही दिसतो. यंत्रमागावरच्या सेमी पैठणीत मागे धागे सुटे लोंबतात. पदर उलटून पाहतात ते यासाठी, आणि परीक्षा म्हणून ती बरोबरच आहे. पण ती दुकानात, गादीवर बसून, पैसे मोजायच्या आधी करायची. माणसाच्या अंगावरचा पदर उलटणं ही साडीची परीक्षा नव्हे. येवल्यात एका पैठणीला कारागिराचे आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही जातात, तिची किंमत तेवढी असायलाच हवी. तेवढे पैसे प्रत्येकीकडे नसतात. मोर मात्र सगळ्यांना आवडतो.

कुणी विचारलंच तर "सेमी आहे, अठराशेची" असं स्वच्छ सांगा. आणि पदराला मागून बारीक नेट लावून घ्या, म्हणजे सुटे धागे बांगडीत अडकणार नाहीत. जावेला काय बोलायचं ते तुमचं तुम्ही बघा, मी तिथे असते तर गप्प बसले नसते.

सासरे जाऊन वर्ष झालं. सासूबाई ५८ वर्षांच्या आहेत. त्यांना इरकल फार आवडते, गडद रंगांची. वर्षभर त्या फिकट साड्याच नेसतायत. दिवाळीला मी हिरवी इरकल घेते म्हटलं तर नणंद म्हणाली, लोक काय म्हणतील. ह्यांना विचारलं तर म्हणतात, तुम्ही बायका बघा. मी काय करावं?
– एक वाचक, कराड

पत्र दोनदा वाचलं. तुम्ही नणंदेला विचारलंत, नवऱ्याला विचारलंत, मला विचारलंत. सासूबाईंना विचारलं का?

माझ्या दुकानातली गोष्ट सांगते. दोन सुना सासूला घेऊन आल्या होत्या. दिवसकार्य होऊन महिनाच झाला असावा. ब्लाउजपीसचा गठ्ठा टेबलावर होता. "आईंना फिकटच दाखवा," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "मोतिया बरा." त्या माउलीच्या डोक्यावरून माझ्याशी बोलत होत्या. ती मधल्या स्टुलावर बसली होती, आणि तिचं एक बोट सबंध वेळ गठ्ठ्यातल्या वांगी रंगाच्या कापडावर होतं. ती ते ओढत नव्हती, काही मागतही नव्हती. नुसतं बोट ठेवून होती. मला ते दिसलं. तरी मी मोतिया कापला. बावीस वर्षं झाली, त्या ब्लाउजचं माप मला अजून आठवतं. ते बोट बघूनही मी तिला विचारलं नाही, याची टोचणी आहे.

लोकांचं म्हणाल तर लोकही बदलतात. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं हे आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. तुमच्या कराडपासून काही तासांच्या रस्त्यावरचं गाव आहे ते. नणंदेला हे जरूर सांगा.

पण आधी सासूबाईंजवळ बसा. "आई, हिरवी घेऊ का?" एवढंच विचारा. त्या नको म्हणाल्या तर ते त्यांचं नको आहे, त्यांच्यावर हिरवा रंग लादायला जाऊ नका. आणि गप्प राहिल्या तर बोट कुठे आहे ते बघा.

सात महिन्यांपूर्वी माझ्या डाव्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली. तयार मिळणारा सिलिकॉनचा भाग परवडत नाही आणि उन्हाळ्यात सहनही होत नाही. गावातला शिंपी माप घेताना इकडेतिकडे बघतो. ब्लाउज कसा शिवून घेऊ?
– एक वाचक, बार्शी

परळचं टाटा हॉस्पिटल माझ्या दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर. १९४१ पासून गावोगावची माणसं तिथे येतात, त्यांतली कितीतरी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. १९९४ साली पहिली बाई माझ्याकडे आली, विदर्भातली होती. तिने ब्लाउज काढला आणि मीसुद्धा क्षणभर इकडेतिकडेच बघितलं. मग तीच म्हणाली, "बघा नीट, नाहीतर माप कसं घ्याल?" त्या दिवसापासून मी नीट बघायला शिकले. तुमच्या शिंप्यालाही तुम्हीच हे सांगा. नाहीच जमलं तर बाई शिंपीण शोधा.

हा पुढचा भाग फाडून शिंप्याकडे द्या. जखम पूर्ण भरलेली हवी आणि डॉक्टरांना विचारलेलं हवं, मगच माप. ब्लाउज पुढून हुकांचा. अस्तर मलमलचं, दोन्ही बाजूंना. डाव्या बाजूच्या अस्तराला आतून त्याच कापडाचा खिसा शिवायचा, त्याचं तोंड काखेच्या बाजूला, म्हणजे उशी आत घालता येते, धुवायला काढता येते. उशी मलमलचीच, आत कापूस. नुसता कापूस हलका असतो, चालताना वर सरकतो आणि खांदा त्या बाजूला उचलल्यासारखा दिसतो. म्हणून मी उशीच्या तळाला मोहरीची लहानशी पुरचुंडी शिवून घालायचे. दुसऱ्या बाजूच्या वजनाशी जुळेपर्यंत चमचा-चमचा वाढवायची. धुताना पुरचुंडी वेगळी काढायची. डाव्या बाहीचा मुंढा पाऊण इंच सैल ठेवा आणि बाहीला घट्ट काठ किंवा इलॅस्टिक नको. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सूज येऊ शकते, तिथे आवळणारं काहीही नको. व्रणावर शिवण येता कामा नये, तिथे कापड सलग घ्या.

आणि उशी लावायचीच असं काही नाही. माझ्या दोन गिऱ्हाइकांनी लावली नाही. त्यांना मी त्या बाजूला कटोरी न घालता सपाट ब्लाउज शिवून दिला. तोही अंगासरशी छान बसला.

ताई, मी अठरा वर्षं मँचेस्टरजवळ राहते. मागे एका उत्तरात तुम्ही लिहिलं होतं की मुलीच्या बाळंतपणाला बोल्टनला आला होतात तेव्हा "कोरोनेशन स्ट्रीट" बघायचात. त्यातली हेली क्रॉपर आठवते का? तिला स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला होता. आता तोच आजार साताऱ्याला माझ्या आईला झालाय. ती ७४ वर्षांची आहे. ऑपरेशन होण्यासारखं नाही. भावांनी तिला "स्वादुपिंडाला सूज आहे" असं सांगितलंय. मला म्हणतात, तू आलीस की रडू नकोस आणि बोलू नकोस. मला हेली सारखी आठवते. तिने सगळं माहीत असताना स्वतः ठरवलं. ते बरोबर होतं का? आईला सांगणं बरोबर आहे का? पुढच्या महिन्यात मी येतेय.
– एक वाचक, इंग्लंड

आठवते ग. चांगली आठवते.

बाकीच्या वाचकांसाठी थोडं सांगते. "कोरोनेशन स्ट्रीट" ही इंग्लंडमधली मालिका डिसेंबर १९६० मध्ये सुरू झाली. मँचेस्टरच्या बाजूचं एक काल्पनिक गाव, एक गल्ली, तिथली कामकरी माणसं. हेली त्यात १९९८ साली आली. जन्माच्या वेळी तिला मुलगा ठरवून हॅरल्ड नाव ठेवलेलं, पण ती बाई होती आणि बाई म्हणूनच जगायची. तिथल्या अशा रोजच्या मालिकांमध्ये असं पात्र पहिल्यांदाच आलं होतं. कॅफे चालवणाऱ्या रॉयशी तिचं लग्न झालं, कायद्याने ते २०१० मध्ये लागलं. ज्युली हेझमंडहाल्श या अभिनेत्रीने ती भूमिका केली. २० जानेवारी २०१४ च्या भागात हेली गेली. आजार शेवटाला आला होता आणि तिने स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. रॉयला ते मान्य नव्हतं, तरी तो तिच्याजवळ होता.

मी त्या हिवाळ्यात बोल्टनला होते. मुलगी आणि बाळ झोपलेले असायचे, मी आवाज अगदी बारीक करून बघायचे. इंग्रजी निम्मंच कळायचं. पण हेली कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर काम करणारी होती, आणि ते मला सगळं कळायचं. बायका एकमेकींशी बोलताना मशीनचा आवाज येतो म्हणून जरा मोठ्याने बोलतात, मान खाली ठेवून बोलतात. परळच्या कारखान्यात आम्ही तशाच बोलायचो. आणि तिचं ते लाल जाकीट! पावसाळी कापडाचं, टोपीचं, काही फॅशन नसलेलं. वर्षानुवर्षं तेच. कुणी त्याला चांगलं म्हणो न म्हणो, ते तिने स्वतः निवडलेलं होतं. आपण काय घालायचं हे ठरवण्यासाठीच जिला सबंध गावाशी झगडावं लागलं, तिने ते जाकीट का सोडावं?

तिला पाहून मला माझं एक गिऱ्हाईक आठवायचं. तृतीयपंथी होती, दादर स्टेशनकडे राहायची. ब्लाउजच्या शिलाईचे पैसे नेहमी आगाऊ द्यायची. मी तिचं माप घेतलं की नंतर आलेल्या एका बाईने मला टेप धुवायला सांगितलं. मी टेप धुतली नाही. पण पुढच्या खेपेला तिला म्हटलं, "दुपारी दोननंतर येत जा, गर्दी नसते." ती समजली. तशीच येत राहिली. बोल्टनला, त्या परक्या घरात, हे आठवून मला झोप लागली नव्हती. हेली जानेवारीत गेली आणि १५ एप्रिल २०१४ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे माणसाने स्वतः सांगायचं. तो निकाल पेपरात वाचला तेव्हा मी मुंबईत परत आले होते. पण ती तोवर दुकानात यायची थांबली होती.

आता तुझे प्रश्न. हेलीला वेदनांची भीती होतीच, त्याहून मोठी भीती वेगळी होती. तिला वाटायचं, जोराच्या औषधांच्या गुंगीत आपण पुन्हा हॅरल्ड होऊ, आपण कोण आहोत तेच विसरू. तिने जे केलं ते मला पटलं नाही, अजूनही पटत नाही. वेदना आणि गुंगी या दोन्हींवर नीट लक्ष ठेवणारे डॉक्टर असतात, आणि रॉयच्या वाट्याला आणखी काही दिवस यायला हवे होते असं मला वाटतं. पण तिच्याबद्दल मला एक मनापासून वाटतं. आपल्याला काय झालंय हे तिला माहीत होतं, आणि तिने नवऱ्याशी त्यावर बोलून, भांडून, रडून घेतलं.

माझ्या आक्काला ते मिळालं नाही. माझी थोरली बहीण, मला शिवण तिनेच शिकवलं. १९९६ साली तिला पोटाचा कॅन्सर निघाला. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला अल्सर सांगितलं. "कळलं तर हाय खाईल" असं भाऊजी म्हणाले आणि मीही हो म्हटलं. ती दर पंधरा दिवसांनी ब्लाउज आत घ्यायला माझ्याकडे द्यायची. मी माप न घेता अंदाजाने अर्धा इंच आत घ्यायचे. टेप काढायचं धाडस होत नव्हतं. असे चार महिने गेले. एक दिवस तिने माझ्या गळ्यातली टेप ओढून घेतली, स्वतःच्या छातीभोवती धरली, आकडा वाचला. साडेएकतीस. माझ्या वहीत तिचं माप साडेछत्तीस होतं, ते तिलाही पाठ होतं. म्हणाली, "अल्सरने पाच इंच जात नाहीत ग."

मग ती दीड तास बोलली. पोस्टातलं पुस्तक कुठे आहे, धाकटीची फी कुणी भरायची, पाटल्या कुणाला. हॉस्पिटलात मरायचं नाही. गुहागरला एकदा समुद्रावर बसायचं होतं. मला तिने विचारलं, "तुला सगळं माहीत होतं?" मी मान हलवली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, टेपची गुंडाळी केली आणि माझ्या हातात दिली. त्यानंतर नऊ दिवसांनी ती गेली. गुहागरला जाणं झालं नाही. चार महिने आधी ते सहज झालं असतं, तेव्हा ती चालत होती.

तुझ्या भावांवर रागावू नकोस. ते घाबरलेत, आम्ही घाबरलो होतो तसेच. पण आईच्या अंगावरचा ब्लाउज तिला रोज सांगतोय. म्हणून आलीस की एकदम सगळं ओतू नकोस. तिच्याजवळ बस आणि विचार, "आई, डॉक्टर काय म्हणाले असं तुला वाटतं?" ती काय म्हणते ते ऐक. मग विचार, "तुला सगळं नीट समजून घ्यायचंय, की दादाने बघावं?" काही माणसांना खरंच सगळं ऐकायचं नसतं, आणि तसं सांगायचाही त्यांना हक्क आहे. पण हे तिच्या तोंडून येऊ दे. ती विचारेल तेवढंच सांग, पण जे सांगशील ते खरं सांग. भाऊ शेजारी असले तर उत्तम.

दुसरं, वेदनांसाठी शेवटपर्यंत थांबू नका. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये पोट आणि पाठ फार दुखू शकते, काविळीने अंगाला खाज सुटते, अन्नावरची वासना जाते. या सगळ्यावर उपाय करणारी डॉक्टरीची वेगळी शाखा आहे, पॅलिएटिव्ह केअर. आजार बरा होणार नसला तरी माणसाला आराम देणं हे तिचं काम. कॅन्सरच्या डॉक्टरांना आजच सांगा की आम्हाला त्यांच्याशी जोडून द्या. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, देशातलं या प्रकारचं ते पहिलं. तुमच्यासाठी पुणं जवळ. साताऱ्याहून महामार्गाने आलं की वारजे लागतं, तिथे १९९७ पासून सिप्लाचं केंद्र आहे. पैसे घेत नाहीत, आणि घरचं माणूस सोबत राहू शकतं.

मॉर्फिनचं नाव ऐकून भाऊ दचकतील. "आता शेवटच आला का?" असं विचारतील. तसं नसतं. दुखणं वाढलं की ते पोटात घ्यायच्या औषधाच्या रूपातही देतात, जाणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा बसवतात आणि माणूस जेवतो, बोलतो, झोपतो. आपल्याकडे ते मिळणं कायद्याच्या कटकटींमुळे फार अवघड होतं. २०१४ मध्येच अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ती वाट थोडी मोकळी झाली. माझ्या आक्काच्या वेळी आम्हाला ते कुणी सुचवलंही नव्हतं, आणि तिच्या शेवटच्या रात्री मी तुला सांगू शकत नाही.

आईला व्हेंटिलेटर, नळ्या हे नको असेल तर तिने ते शुद्धीत असताना लिहून ठेवता येतं. ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने त्याला मान्यता दिली आणि २०२३ च्या जानेवारीत त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी लागतो. पण यासाठी तिला काय झालंय ते तिला माहीत असायला हवं, हे भावांना समजावून सांग.

आणखी एक, माझ्या कामाचं. आजारी माणसाला डोक्यावरून घालायचे गाऊन फार त्रास देतात, हात वर होत नाहीत. मी मऊ मलमलचे, पुढून पूर्ण उघडणारे, खांद्यावर बांधायच्या नाड्या असलेले दोन गाऊन शिवून देते. पोटाशी शिवण नाही, बाजूला खिसा, म्हणजे रुमाल आणि चष्मा जवळ राहील. मासिकाच्या पत्त्यावर तीन मापं पाठव: खांदा, छाती आणि खांद्यापासून घोट्यापर्यंतची उंची. जुन्या वहीतली पाठवू नकोस, आत्ताची हवीत. भावाला सांग आईला उभं करून नाही, बसवूनच घ्यायची, आणि टेप तिच्या हातात द्यायची. रंग तिला विचार. माझ्याकडे आत्ता आकाशी, पिवळा आणि लाल आहे.